नसलेल्या आकड्याची फाइल

हवेचा अंदाज देणाऱ्या कचेरीत संचालकांचे मेहुणे दाखल झाले आणि लोक त्यांना तोंडावर 'सर', पाठीमागे 'जादूगार' म्हणू लागले. तोवर अंदाजाचं काम एक इंजिनिअर बाई बघत. शहरभरच्या यंत्रांकडून आलेले धुराचे, वाऱ्याचे आकडे त्या रोज सकाळी नजरेखालून घालत, त्यांची फाइल बनवत आणि मगच ती गणिताला लावत. मेहुण्यांना हे मागासलेलं वाटलं.

"फाइल बनवून ठेवायचीच कशाला? गणित सुरू होताना ती आपोआप तयार होईल, काम झालं की पुसली जाईल."

कल्पना वाईट नव्हती, बाईंनी तसं म्हटलंही. पण मेहुण्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम वाचताना त्यांच्या कपाळाला आठी पडली. एखाद्या यंत्राकडून आकडा आलाच नाही, तर प्रोग्रॅम कालचाच आकडा आजचा म्हणून फाइलमध्ये ढकलत होता.

"आकडा नसेल तर थांबायला हवं," बाई म्हणाल्या.

"थांबणारी यंत्रणा कोणाला हवी असते, ताई? संगणकाचा पडदा हिरवा दिसला पाहिजे."

पडदा हिरवा दिसू लागला. संचालक खूश. मेहुणे तर असे मिरवू लागले, की वारासुद्धा यांना विचारूनच वाहतो. बाईंनी पुन्हा विषय काढला, तेव्हा संचालक म्हणाले, "तुम्हाला बदल पचत नाही."

मग कचरा डेपो पेटला. तिकडची वीज गेली, त्या भागातलं एकुलतं यंत्र बंद पडलं. कचेरीत भरदिवसा दिवे लावून, खोकत खोकत लोक काम करत होते आणि पडदा सांगत होता, 'हवा उत्तम. फिरायला जरूर जा.'

संचालकांच्या सासूबाई बागेत फिरायला गेल्या. दम्याचा त्रास, पण लेकाच्या अंदाजावर विश्वास. तिथून त्यांना थेट दवाखान्यात न्यावं लागलं.

संध्याकाळी संचालकांनी बाईंना दवाखान्यातच बोलावून घेतलं. मेहुणे आईच्या पायथ्याशी लॅपटॉप उघडून बसले होते.

"सकाळची फाइल दाखव," संचालक म्हणाले.

"ती पुसली जाते, दाजी. नवीन करतो ना." वीज एव्हाना आली होती, यंत्र चालू झालं होतं. नव्या फाइलवर गणित झालं आणि पडदा लालभडक झाला. "बघा. धोका आहे असंच सांगतोय. प्रोग्रॅममध्ये काही चूक नाही."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी लपवलं नाही.

म्हातारीने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "लहानपणी दात घासले का विचारलं, की ब्रश ओला करून दाखवायचास. अजून तेच करतोस?"

मेहुणे म्हणाले, "आई, तुला यातलं कळत नाही."

"नाही कळत. म्हणूनच बागेत गेले."

संचालक बाईंकडे न बघता म्हणाले, "तुम्हाला हवं तसं करा."

व्हरांड्यातल्या बाकावर बसून बाईंनी प्रोग्रॅम बदलला. फाइल अजूनही आयत्या वेळीच तयार होणार होती, पण आता ती जपून ठेवली जाणार होती. आणि आकडा नसला तर गणित सुरूच होणार नव्हतं. दुसऱ्या सकाळी एक यंत्र गप्प राहिलं. पडद्यावर आलं, 'आज अंदाज देता येत नाही.' दिवसभर लोकांचे शिव्या देणारे फोन आले. बाईंनी ते शांतपणे घेतले.

मेहुण्यांना संचालकांनी प्रसिद्धी विभागात धाडलं. तिथे ते 'भरवशाची यंत्रणा' या विषयावर भाषणं देतात. टाळ्याही पडतात. एकदा बाई मागच्या रांगेत बसून ऐकत होत्या. कचरा डेपोच्या आगीचा अंदाज आपण कसा अचूक दिला, हे ते सांगू लागले, तेव्हा बाई उठल्या आणि चहा प्यायला गेल्या.