खुर्च्यांची भिशी

सरकारी ऑफिसच्या खुर्च्यांचं टेंडर उघडलं आणि तीन फर्निचरवाल्यांपैकी ते गुप्ताजींना गेलं. हरलेल्या दोघांपैकी एक श्रीरंग देवधर, मयूर विहारच्या सोसायटीत सुमित्राच्या वरच्या मजल्यावर राहणारे. शेजारी आहेत हे तिने साहेबांना आधीच सांगितलं होतं, म्हणून ती समितीत नव्हती. कोपऱ्यात बसून नुसती मिनिट्स लिहीत होती.

आणि तिथेच तिचं पेन अडलं. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली नाही तर आठवडाभर तोंड पाडून बसणारा हा माणूस. एवढं काम हातचं गेलं, तरी चहात बिस्किट बुडवून निवांत खात होता. तिसराही खात होता. ‘दर परत वाचा’ असं कुणी म्हणेना. हरलेली माणसं अशी चहा पीत नाहीत.

संध्याकाळी ती वर गेली. श्रीरंगची बायको अलका पोहे परतत होती.

“भाऊजी, वाईट नाही वाटलं?”

“त्यात काय, वहिनी? पुढचं माझंच आहे ना.”

“म्हणजे?”

“अहो, तुम्ही बायका भिशी लावता ना, तसंच. यंदा कुणाची पाळी ते आम्ही तिघं मिळून ठरवतो. बाकीचे दोघं दर चढा लावतात. सगळ्यांची चूल पेटते.”

इतकं निरागसपणे बोलले की सुमित्रा क्षणभर मान डोलावणार होती. “भिशीत आपण आपले पैसे घालतो, भाऊजी. इथे हप्ता लोकांचा, आणि उचलता तुम्ही.”

अलकाचा झारा थांबला. श्रीरंगचा आवाज उतरला. “एकट्याने दर पाडला, तर गुप्ताजी मला लाकूडसुद्धा मिळू देणार नाहीत, वखारवाले सगळे त्यांच्या मुठीत. कारागिरांना काय सांगू?”

हे तिला ठाऊक नव्हतं. जिना चढताना आणलेला राग आता कुठे ठेवावा कळेना.

“उद्या मी साहेबांना सांगणार. टेंडर रद्द होईल, चौकशी लागेल. आधी स्वतः जाऊन कबूल करणाऱ्याला कायदा थोडं सांभाळून घेतो. बघा.”

“शेजारी म्हणून गप्प नाही बसता येणार?”

“शेजारी म्हणूनच वर आले. नाहीतर खालच्या खाली लिहून मोकळी झाले असते.”

अलकाने पोहे विचारले नाहीत. दार मात्र आपटलं नाही, हळूच लावलं.

सकाळी ऑफिसला पोचली, तर गेटपासच्या खिडकीशी श्रीरंग उभे. दाढीसुद्धा केलेली नव्हती.

“साहेबांकडे सोबत येता, वहिनी?”

“मी असले तर म्हणतील, हिनेच पढवून आणलाय. तुमच्याच अंगाशी येईल.” तिने पर्स खांद्यावर सरकवली. “चला, लिफ्टपर्यंत येते.”