तहानलेल्या बागेतलं निळं झाड

एहिमे प्रांतातल्या एका डोंगरउतारावर संत्र्याच्या झाडांना मुद्दाम तहानलेलं ठेवतात. बुंध्याभोवती पांढरं कापड अंथरलं की पाऊस मुळांपर्यंत पोचत नाही, झाड जीव आवरून धरतं आणि फळाची गोडी वाढते. पण तहानेलाही काही सीमा असते, हे मोकिचीबाबांना कोण सांगणार? म्हातारा पक्का हेकट.

त्यांची सून चिझुरु मात्र इरेला पेटली होती. यंदा पावसाने तोंडच दाखवलं नव्हतं आणि उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी लावलेल्या बागेतल्या सगळ्यात वरच्या पायरीवरची पानं मुडपायला लागली होती. झाडंच वाळली तर नुसती गोडी काय चाटायची? तिने गावच्या सहकारी संस्थेतून उष्णता टिपणारा कॅमेरा मागून आणला. पाणी मिळालेलं पान घामेजून थंड राहतं, ते पडद्यावर निळं दिसतं. तहानलेलं तापतं, ते लाल.

"पाणी पाजलंस की फळ पाणचट," बाबांनी बजावलं. "आणि त्या डब्याला काय कळते संत्र्याची चव?"

"चव नाही कळत, बाबा. ताप कळतो."

पहिल्यांदा ढग आडवे आले, मग समुद्रावरचा वारा. पानं उगाच थंडावली, चित्रं फुकट गेली. बाबा मिशीत हसले. चिझुरु दात-ओठ खात पुन्हा चढली. अखेर वारा पडला, ऊन कडकडीत तापलं आणि पडद्यावर अख्खी पायरी लालभडक झाली.

फक्त टोकाचं एकच झाड निळं होतं. दिवंगत सासूबाईंनी, तोमिएंनी, लग्न होऊन आल्यावर लावलेलं. चिझुरुने कापडाचा कोपरा उचलला. माती ओली होती आणि दगडी बांधाआड बाबांची बादली पालथी घातलेली होती.

तिने त्यांना हाक मारून वर बोलावलं आणि पडदा पुढे केला.

"बिघडलाय तुझा डबा," बाबा म्हणाले.

"आईंच्या झाडाची तहान बघवली नाही ना तुम्हाला? मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

बाबांनी वाकून शेजारच्या लाल झाडाखालचं कापड स्वतःच्या हाताने गुंडाळलं.

"नळी आण. पण बेताने पाज." त्यांनी कापडाची गुंडाळी बांधावर ठेवली. "तिच्या झाडाची फळं दरवर्षी पाणचटच होतात. म्हणून तर कुणाला देत नाही. एकटाच खातो."

चिझुरुचे डोळे भरून आले. ते तसेच ठेवून ती नळी ओढायला धावली.