मी गिबोलो आजोबा नाही

मित्रांनो, मी उपाशी मेलो नाही. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. नाहीतर पुढे तुम्हाला माझी काळजी वाटणार नाही, आणि मला ती हवी आहे.

मी एक जुना शिकारी आहे. माझा जन्म पापुआच्या दमट रानातला. अंगाने लहान घुशीएवढा, पाठीवर तीन काळे पट्टे. कांगारू माझा लांबचा भाऊ लागतो. त्याला जग ओळखतं. आमच्या घराण्याला कोणी विचारत नाही. आम्ही किडे खातो, सरडे खातो आणि उंदीर तर आवडीने खातो. पीठ खात नाही. हे लक्षात ठेवा. गावात कोणी ठेवलं नाही.

त्या दुपारी एका उंदरामागे धावत मी झोपडीत शिरलो आणि चुलीजवळ दम खात बसलो. जागा चुकली. ती गिबोलो आजोबांची होती, आणि त्यांना आदल्याच दिवशी पुरलं होतं. गावाची समजूत अशी, की मेलेला माणूस जनावराच्या रूपात एकदा घरी डोकावतो. त्यातून आजोबा नाचाच्या वेळी पाठीवर कोळशाचे तीन पट्टे ओढायचे.

"आलात?" त्यांची बायको यासमे आजी म्हणाली. "जाताना सांगून तरी जायचं होतं."

पुन्हा न सांगता त्यांनी जाऊ नये म्हणून तिने मला टोपलीखाली झाकलं आणि वेताचा पिंजरा विणला. पिंजऱ्यात आजोबांचं आवडतं जेवण आलं : बांबूच्या नळीत भाजलेलं सागो ताडाच्या खोडाचं पीठ. मी तोंड फिरवलं.

"जिवंतपणी तरी पहिल्या हाकेला कधी जेवले?" आजी म्हणाली.

"आई, मला तर ही घूस वाटते," सून हलावे हळूच म्हणाली.

"सासऱ्याला घूस म्हणतेस? समोर बसलेत, ऐकतायत!"

मी ऐकत होतो. दुसरं काय करणार? शेजारी भेटायला येत, "तब्येत उतरली हो," म्हणत आणि आणखी पीठ ठेवून जात. पिंजऱ्याबाहेर उंदीर निवांत फिरत. मला नीट उभंही राहवेना.

शेवटी त्या पिठाच्या वासाने उंदराचं एक पोर वेतांच्या फटीतून आत घुसलं. मी त्याला खाल्लं. सगळ्यांदेखत.



"आई," हलावे म्हणाली, "मामंजी उंदराला बघून खाटेवर चढायचे. हे ते नाहीत. सोडा बिचाऱ्याला."

आजीने पिंजऱ्याच्या दाराच्या दोरीला हात घातला. गाठ सैल झाली. मला बाहेरचा ओला पाला दिसला. मग तिने घरभर फिरणाऱ्या उंदरांकडे पाहिलं.

"उभ्या जन्मात पहिल्यांदा घरकामाला हात लावलाय त्यांनी," ती म्हणाली. "आणि आता सोडू?"

गाठ पुन्हा आवळली. आता पीठ रोज येतं, पिठामागे उंदीर येतात, आणि पोट भरलेला मी आतच आहे. संध्याकाळी आजी पिंजऱ्याला टेकून मला दिवसभराचं सगळं सांगते.

सबब, सर्व संबंधितांस विनंती, की अर्जदारास 'गिबोलो आजोबा' या पदावरून त्वरित कार्यमुक्त करण्यात यावे. यापुढे कोणाही जीवास माया लावण्यापूर्वी तो कोण आहे व त्यास काय हवे आहे, याची खात्री करण्यात यावी. आणि रिक्त होणाऱ्या जागी दुसऱ्या कोणाचीही नेमणूक करण्यात येऊ नये.