चुकीचा अर्थ

मास्तरीणबाईंनी नवऱ्याच्या ओठांच्या कडेची लाळ रुमालाच्या टोकाने टिपली आणि त्यांची खुर्ची उन्हाच्या पट्ट्यात आणखी थोडी सरकवली. मास्तर खिडकीबाहेर पाहत होते. पाहत होते की नाही, देव जाणे.

“आई, पुरे. दमवू नकोस बाबांना,” लेक दारातून म्हणाली. “तीन महिन्यांत बोलले नाहीत तर आशा धरू नका, असं अर्धांगाचा झटका आला तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते. आज तीन महिने झाले.”

“आजचा दिवस संपलाय का?”

मास्तरांनी चाळीस वर्षं शेजारच्या खोलीत प्राचीन ग्रीक शिकवलं. शब्दांची रूपं ते चालीवर म्हणवून घेत, प्रार्थना म्हणावी तशी. मागून पोरं सूर ओढत. बाईंना ग्रीकचं एक अक्षर ओळखता येत नव्हतं, पण भिंतीतून झिरपून झिरपून ती चाल त्यांच्या अंगात भिनली होती. त्यांनी डोळे मिटले, गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला.

“लुग्रोस, लुग्रा, लुग्रोन...”

पडदा हलला. दुपार अशी तरंगत होती की पलीकडे सगळी पोरं पुन्हा गाऊ लागलीत, असं बाईंना वाटलं. मास्तर मात्र ढिम्म.

“लुग्रोई, लुग्राई, लुग्रा.” बाई लेकीकडे वळल्या. “हे विशेषण बातमीला लावतात, विषाला लावतात, फाटक्या कपड्यांनाही लावतात. अर्थ काय, ठाऊक आहे? आनंदी.”

“काहीतरीच काय, आई.”

“तू गप गं. आनंदी. हसतमुख. चांगलं ठाऊक आहे मला.”

मास्तरांची मान वळली. ज्या आठीला इतकी पोरं घाबरली, ती कपाळावर उमटली. ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

“दुः... ख.”

लेक दार सोडून धावत आत आली. बाईंना हसू आवरेना, डोळे पुसत त्या म्हणाल्या, “बघ, चूक म्हणून सहन होत नाही अजून! काय हो, नापास ना मी?”

मास्तर हसले नाहीत. आठी विरून गेली होती. चांगल्या हाताने त्यांनी चाचपडत बाईंचं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं.

“दुःख,” ते पुन्हा म्हणाले. हळू. आवाजात आता शिकवणं नव्हतं.

बाईंचं हसू थांबलं. त्या त्यांच्या पायाशी जमिनीवर बसल्या.

“सांगा,” त्या म्हणाल्या.