मागून जेवणारी

घरातली सगळी जेवून उठल्यावर कमळा जेवायला बसायची, म्हणून तिच्या ताटात काय असतं हे कुणी पाहिलंच नव्हतं. वामनराव तर हात धुतला की सरळ बाजेवर. मूल तालुक्यातल्या त्यांच्या गावात कुणाच्या धानाचा बांध फुटला हे त्यांना घरबसल्या कळायचं, पण बायको काय जेवते हे सहा वर्षं कळलं नाही.

सहा वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक दिव्यानी गडचांदूरला नोकरीला गेली आणि तिथल्याच दुसऱ्या जातीच्या पोराशी लग्न करून मोकळी झाली. वामनरावांनी सांगून टाकलं, "या घरात पाय ठेवू नको." कमळानं नवऱ्यापुढे अवाक्षर काढलं नाही. तिनं मनाशी एवढंच धरलं, की पोरीला जे जे आवडायचं ते, पोर या घरात जेवेल तेव्हाच आपण तोंडात घालायचं. तलावातले मासे सुटले, अंडी, मटण, दूध, दही, सगळं सुटलं. चहासुद्धा कोरा. रांधायची सगळं, वाढायचीही, आणि मग आपण वरणभात खाऊन उठायची. नवऱ्याशी भांडता येईना, म्हणून देवाशी हट्ट धरून बसली होती, आणि देवही नवऱ्यासारखाच बहिरा निघाला. पोरीशी चोरून फोनवर बोलणं व्हायचं. पण फोनवरून पोरीच्या केसांना तेल लावता येत नाही.

आधी तळव्यांना मुंग्या आल्या. मग पायातली चप्पल वाटेतच गळून पडायची आणि घरी येईपर्यंत हिला पत्ता नसायचा. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा. यंदा धानाच्या रोवणीला ती पाणी भरलेल्या बांधीत उतरली आणि चिखल पायाला जाणवेचना. बोटांच्या फटीतून वर येणारा तो गार, मऊ चिखल तिला लहानपणापासून आवडायचा. पाय कुठं पडतोय ते कळेना, आणि ती रोपांच्या पेंडीसकट तोंडावर पडली. बायांनी नजर लागली म्हणून ठरवूनही टाकलं.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईनं रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "मावशी, अंगात बी-ट्वेल्व्ह जवळपास नाहीच. त्याच्याशिवाय नसा सुकतात. दूध, अंडी, मासे काहीच खात नाही का?"

"खाते ना!" उत्तर वामनरावांनी दिलं. "आमच्या घरी सगळंच बनते, म्याडम. परवाच मासोळ्या आणल्या मी."

"तुमाले काय मालूम?" कमळा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दिव्यानी गेली तवापासून मी तोंडातच नाई घातलं. पोरगी आपल्या घरी जेवल तवाच खाईन."

वामनराव तिच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं पाहिल्याचं तिला आठवेना.

"इंजेक्शनं आजपासून सुरू करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण उशीर झालाय. गेलेलं सगळंच परत येईल असं नाही सांगता येत. आणि खावं लागेल."

"सुया किती बी टोचा, म्याडम. खायाचं नोका बोलू."

बाहेर व्हरांड्यात वामनरावांनी मोबाइल काढला. बराच वेळ तो हातात नुसता फिरवला. मग मान खाली घालूनच म्हणाले, "पोरीचा नंबर सांग वो."

कमळानं तो तोंडपाठ सांगितला.

रविवारी दिव्यानी आली. वामनराव परसात कधी नव्हे ते स्वतः मासे साफ करत बसले होते, आणि उगाच पुन्हा पुन्हा डोळे पुसत होते. कमळाला धावत जायचं होतं, पण ती अंगणातल्या बाजेवरून उठेपर्यंत पोर समोर येऊन खाली बसलीसुद्धा. "माय!" म्हणून तिनं आईच्या पायांवर दोन्ही हात ठेवले, डोकं टेकवलं आणि हमसून रडायला लागली.

कमळा बघत राहिली. पोरीचे हात तिची पावलं घट्ट दाबत होते, आसवं बोटांपर्यंत ओघळत होती. कमळाला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. सहा वर्षं ज्या हातांची वाट पाहिली, ते आपल्याच पायांवर आहेत हे तिला नुसतं डोळ्यांनी बघून मानावं लागत होतं. तिचा जीव तुटला.

ती वाकली, पोरीचे दोन्ही हात तिनं उचलले आणि आपल्या मांडीवर आणून ठेवले.

"इथी ठेव बाई," ती म्हणाली. "इथून वरतं मले समजते."