नमुना क्रमांक एक

व्याहीबुवांची गाडी टेबलावर उताणी पडली होती. तिच्या गिअरबॉक्सच्या झाकणाचा पहिला स्क्रू सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी डोक्यातले षटकोनी भोक झिजून गुळगुळीत झाला. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण सरांनी ती तत्काळ वहीत लिहिली.

सर म्हणजे तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत चौतीस वर्षे शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. बायको आणि मुलगी सोडली, तर सारे जग त्यांना सरच म्हणत असे. कार्यशाळेच्या भिंतीवर त्यांनी वीतभर उंचीच्या अक्षरांत एक वाक्य रंगवून घेतले होते : ‘स्क्रू खराब होत नाही, माणूस करतो.’ निवृत्त होताना भिंत बरोबर आणता आली नाही. वाक्य मात्र त्यांनी आणले.

गाडी रिमोटवर पळणारी, हातभर लांबीची होती. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर दर रविवारी चार वाजता आठ निवृत्त माणसे अशा गाड्यांची शर्यत लावत. सर त्यांचे बिनपगारी पंच, आणि व्याहीबुवा, म्हणजे सरांच्या मुलीचे सासरे, त्या आठांपैकी एक. चाळीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवलेला, बोलघेवडा माणूस.

महिन्यापूर्वी व्याहीबुवा मैदानातच गाडीचा एक स्क्रू सोडवत बसले होते. सरांनी त्यांच्या हातातली षटकोनी किल्ली घेतली, मापली, ‘जाड आहे, बाद,’ असा निकाल दिला, किल्ली खिशात टाकली आणि उरलेल्या सात जणांसमोर भिंतीवरचे वाक्य म्हणून दाखवले. विद्यार्थ्याशी असे वागले तर त्याला शिस्त म्हणतात. व्याह्याशी वागले, तर तो घरी यायचा बंद होतो.

चौथ्या आठवड्यात मुलीचा फोन आला.

“बाबा, तुम्ही माझ्या सासऱ्यांची किल्ली जप्त केलीत?”

“बाद केली. जप्त करणं वेगळं.”

“घरात बोलत नाहीत ते हल्ली. चाळीस वर्षं लोकांना ‘जरा हसा’ म्हणणारा माणूस, गप्प बसून भिंतीकडे बघतो. मी कुठे तोंड लपवू? हे बघा, त्यांची गाडी कटकट आवाज करतेय. मी पाठवते. तुम्ही नीट करून द्या, रविवारी तीनला ते स्वतः न्यायला येतील. आणि बाबा, कृपा करून काही शिकवू नका.”

असा हा तह होता, आणि त्याची सगळी भिस्त चार स्क्रूंवर होती.

पहिला गुळगुळीत झाल्यावर सरांनी चष्मा पुसला. एका घटनेवरून निष्कर्ष काढू नये, असे ते नेहमी सांगत. म्हणून त्यांनी आपल्या त्याच किल्लीने, तेवढाच जोर लावून, दुसरा स्क्रू फिरवून पाहिला. तोही गुळगुळीत झाला. दोन निरीक्षणे जुळली तरी तो योगायोग असू शकतो. म्हणून तिसरा फिरवला. त्याचीही तीच गत झाली. आता निष्कर्ष काढण्यास हरकत नव्हती. ‘स्क्रूंचा धातू निकृष्ट,’ असे त्यांनी वहीत लिहिले आणि चौथ्याकडे वळले, तेवढ्यात बायको आत आली.

“अहो, न्हाणीघराच्या दाराची मूठ पुन्हा हातात आली. व्याहीबुवा यायच्या आत काहीतरी करा. मागच्या खेपेला ते अर्धा तास आत अडकले होते.”

“त्या मुठीचा षटकोनी भोकाचा स्क्रूच सदोष आहे. कंपनीची चूक. सहा वर्षांपूर्वीच सांगितलंय मी.”

“तुम्ही सांगितलंत, पण मुठीनं ऐकलं नाही.” तिने गाडीकडे पाहिले. “हे काय? तीनही?”

“प्रयोग होता.”

“दुसऱ्याच्या गाडीवर?” ती खुर्ची ओढून बसली. “आता त्यांना काय सांगणार? माणूस खराब करतो म्हणून?”

हात दाखवून अवलक्षण करून घेणे म्हणजे काय, हे सरांना व्याकरणाच्या पुस्तकात कळले होते. टेबलावर प्रथमच दिसत होते.

बायकोने केसांच्या वेणीचे रुंद रबरबँड काढून पुढे केले. “हे स्क्रूच्या भोकावर ताणून धरा आणि वरून किल्ली दाबा. शेजारणीनं शिवणयंत्राचा स्क्रू असाच काढला.”

“याला शास्त्रीय आधार नाही.”

“नसू दे. स्क्रू काढायचाय की प्रबंध लिहायचाय?”

रबर भोकात दाबले गेले, किल्लीला पकड मिळाली आणि पहिला स्क्रू निमूट बाहेर आला. सरांनी वहीत ‘घर्षणवृद्धी’ असा शब्द लिहिला. बायकोचे नाव लिहिण्यासाठी त्या तक्त्यात रकाना नव्हता.

दुसऱ्या स्क्रूला रबराने दाद दिली नाही. त्याच्या आट्यांना कोणी तरी लॉक करणारे द्रावण लावले होते. सरांनी सोल्डरिंगची तापलेली सळई स्क्रूच्या डोक्यावर मनात साठ आकडे मोजेपर्यंत टेकवली, द्रावण मऊ केले आणि भोकाहून किंचित मोठे, सहा टोकांचे चांदणीसारखे पाते हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी आत बसवले. तो सुटला. तिसऱ्याचे भोक ठोक्यांनी अधिकच रुंदावले. मग करवतीच्या पात्याच्या तुकड्याने त्याच्या डोक्यावर आडवी खाच पाडावी लागली. खोली केसभर, लांबी डोक्याएवढी, आणि झाकणाला ओरखडा नाही. या कामाला दीड तास लागला. शेवटी चपट्या पेचकसाने तो फिरला, तेव्हा एक वाजून पन्नास मिनिटे झाली होती.

चौथा अजून शाबूत होता. सरांनी किल्ली त्याच्या भोकात ठेवली, आणि पुन्हा काढून घेतली. आयुष्यात प्रथमच त्यांना एखादा स्क्रू फिरवण्याची भीती वाटली.

अडीचलाच दाराची घंटा वाजली. सरांना टेबलावर टॉवेल टाकण्याइतका वेळ मिळाला.

“या, व्याहीबुवा,” बायको म्हणाली.

“लवकर आलो.” एरवी दारातच हसणारे व्याहीबुवा आज हसले नाहीत. खुर्चीच्या टोकावर बसले. “झाली का गाडी?”

एका बाजूला मुलीचे सासर होते, दुसऱ्या बाजूला चौतीस वर्षांची भिंत. बदली स्क्रू बाटलीत तयार होते. जुने तीन खिशात गेले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. सरांनी टॉवेल उचलला.

“व्याहीबुवा, तीन स्क्रू मी खराब केले. धातू निकृष्ट असावा असं मी वहीत लिहिलंय. पण खरं सांगायचं तर मला तसं वाटत नाही.”

व्याहीबुवांनी ते तीन स्क्रू तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिले.

“सर, एकदा माझ्या हातून एका लग्नाचा अख्खा रोल उजेडात उघडला गेला. त्यांनी फोटो न्यायला यायच्या आत मी स्वतः त्यांच्या दारात गेलो आणि सांगितलं. नवरीचा बाप रागानं लालबुंद झाला. पण धाकटीच्या लग्नाला मलाच बोलावलं.” त्यांनी हात पुढे केला. “किल्ली बघू जरा?”

“किल्लीत दोष असणं शक्य नाही. ही नमुना क्रमांक एक आहे.”

“म्हणजे?”

“कार्यशाळेतली पहिली दोन मिलिमीटरची किल्ली. चौतीस वर्षं बाकीच्या सगळ्या किल्ल्या मी हिच्यावरून तपासल्या. मोजमापाच्या व्हर्निअरचा जबडा हिच्या मापाला घट्ट करायचा; ज्या किल्ल्या त्यातून जातील त्या योग्य, अडतील त्या जाड, बाद. तुमचीही अशीच तपासली.”

“आणि ही कशावरून तपासलीत?”

सरांनी हा प्रश्न पूर्वी कधी ऐकला नव्हता. “नमुना मोजायचा नसतो,” ते म्हणाले, “नमुन्यानं मोजायचं असतं.”

व्याहीबुवांनी खिशातून निगेटिव्ह तपासायचे भिंग काढले. दुकान बंद झाले तरी ते त्यांच्या खिशातून गेले नव्हते. किल्लीचे टोक त्यांनी खिडकीच्या उजेडात धरले.

“सर, कोपरे गेलेत हिचे. गोल पेन्सिल झालीय.”

सरांनी व्हर्निअर घेतला. या वेळी जबडा बंद करून ते थांबले नाहीत, आकडा वाचला. एक पूर्णांक शहाऐंशी शतांश. त्यांनी तीन वेळा मोजले आणि तिन्ही वेळा तेच आले. मग ते उठून कपाटाकडे गेले. वरच्या खणात एक पाकीट होते. त्यावर तारीख, ‘व्याहीबुवा’ आणि ‘बाद’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले. आतली किल्ली त्यांनी मापली.

“दोन,” ते म्हणाले. “बरोबर दोन.”

चौतीस वर्षे दरवर्षी किती नव्या किल्ल्या केराच्या पेटीत गेल्या असतील, याचा सर मनात हिशेब करत होते. शेताची राखण ज्या कुंपणाकडे होती, त्यानेच ते गिळले होते, आणि कुंपणाला दरवर्षी शाबासकी मिळत होती.

“चौथा तुम्ही काढा,” सरांनी किल्ली दोन्ही हातांनी पुढे केली. “किल्ली तुमची आहे.”

व्याहीबुवांनी ती भोकात बसवली आणि फिरवली. स्क्रू कट्‌ असा आवाज करून सुटला, जणू सकाळपासून त्याला कोणी नीट विचारलेच नव्हते. झाकण निघाले. गिअरच्या दातांमध्ये हरभऱ्याच्या डाळीएवढा खडा अडकला होता. कटकट ती एवढीच.

“यासाठी महिना गेला,” व्याहीबुवा म्हणाले, आणि हसले. प्रथम ओठांच्या कडेने, मग पोट हलेपर्यंत.

सर हसले नाहीत. त्यांचे अजून एक काम बाकी होते. त्यांनी नवे चार स्क्रू बसवले, वहीतले ‘धातू निकृष्ट’ एका सरळ रेघेने खोडले, आणि वही व व्हर्निअर पिशवीत घातले.

“वही कशाला घेताय?” व्याहीबुवांनी विचारले.

“बाद मी सातांसमोर केली होती. शुद्धिपत्रही सातांसमोरच वाचावं लागेल.”

“अहो, राहू द्या! मला पटलं ना, झालं.”

“तुम्हाला पटणं ही एक गोष्ट झाली. नोंद पूर्ण होणं ही दुसरी.”

“वाचा तर मग.” व्याहीबुवांनी गाडी काखेत मारली. “पण शर्यत चारला आहे. शतांश वगळा.”

“शतांश वगळता येणार नाहीत.”

दोघे दारापर्यंत गेले, तेव्हा मागून बायकोने हाक मारली. ती न्हाणीघराच्या दाराशी उभी होती, आणि तिच्या एका हातात सहा वर्षे सदोष ठरलेली मूठ होती. दुसरा हात तिने पुढे केला.

“व्याहीबुवा, तुमची किल्ली दोन मिनिटं द्या. यांची नको.”