भारतचा पाय कोण हलवतं?

ओझरजवळच्या ठमाबाईच्या मळ्यात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. काही महिन्यांपूर्वी गुलाबाच्या शेडचा फाटका प्लास्टिकचा कागद बदलताना तिचा मुलगा भारत वरून पडला, पाठीचा कणा मोडला आणि कमरेखाली लाकूड झाला. आता त्या लाकडाला पालवी फुटतेय, अशी बातमी होती.

तांब्यातल्या पाण्यानं रोगी बरे करणाऱ्या तांब्याबाबांनी नाशिकच्या रामकुंडावरून आणलेल्या गार पाण्याची धार भारतच्या तळव्यावर धरली. पाय गुडघ्यात दुमडून वर उडाला. गर्दीनं हात जोडले.

"देवी नस शिवतीय," बाबा म्हणाले. "पोराला कुशीवर वळवायचं नाय, टाका उसवंल. गॅरेजात काम चालू असताना गाडी हलवता का कोणी?"

जुडीत दडवलेली शिळी फुलं ठमाबाई नुसत्या वजनावरून ओळखायची. बाजारात तिला कोणी गोड बोलून फसवलं नव्हतं. पण पोराच्या बाबतीत आई माल न तपासताच घेते. दवाखान्यानं दर दोन तासांनी त्याला वळवायला सांगितलं होतं. बाबा आल्यापासून तिनं ते बंद केलं होतं.

तेवढ्यात दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट निलोफर आल्या. तिथं जमलेला बाजार पाहून म्हणाल्या, "मावशी, ही चादर भारतच्या छातीपाशी आडवी धरा. त्याला पाय दिसायला नकोत."

"देवीची परीक्षा घेता व्हय?" बाबा म्हणाले.

"देवीची नाही, पायाची."

त्यांनी स्कूटीच्या किल्लीनं तळवा खरवडला. पाय तसाच उडाला. पवित्र पाणी तांब्यातच होतं.

"भारत, आत्ता काय झालं?"

"काय नाय. तुम्ही सुरू करा ना."

ठमाबाईच्या हातातली चादर खाली आली.

"तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो, चटका नंतर कळतो," निलोफर म्हणाल्या. "कारण कातडीचा निरोप पाठीतल्या मज्जारज्जूत पोचतो आणि तिथूनच स्नायूंना हुकूम सुटतो, मेंदूला न विचारता. भारतचा मज्जारज्जू पाठीत मध्येच तुटलाय, पण खालचा भाग जिवंत आहे. पडल्यावर काही आठवडे तोही सुन्न होता. मग पाय आपोआप उडायला लागले. बाबा नेमके तेव्हा आले."

"अविश्वासात शक्ती थांबत नाय," म्हणत बाबांनी तांब्या उचलला आणि फाटक गाठलं.

"पाय मी हलवत नव्हतो, आई," भारत म्हणाला. "पण तू परत जेवायला लागली होतीस, म्हणून बोललो नाय."

ठमाबाईनं निलोफरकडे पाहिलं. "मंग हा चालंल का?"

"मला नाही वाटत, मावशी. पण पाठ जपली तर खुर्चीत बसेल, शेडमध्ये जाईल."

दोघींनी मिळून त्याला कुशीवर वळवलं. माकडहाडावर पडून पडून झालेली तळहाताएवढी काळी जखम होती. वास आला तसे पुढचे लोक मागे सरले.

निलोफरनी हातमोजे चढवले आणि मान वर न करता गर्दीला सांगितलं, "चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी विचारा, हे दुसऱ्या कोणी केलं तर होतं का? आणि ज्याच्या अंगावर होतंय, त्याला काही जाणवतंय का?"

ठमाबाई जखमेकडे बघत राहिली.

"मी इचारलंच नाय त्याला," ती म्हणाली.